हसुभाऊंची पाटलीण

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला झुरळाची भीती वाटावी, हे हलवायाला मधुमेह होण्यापैकी आहे. लोक हसतील म्हणून सांगायची सोय नाही आणि पोट त्यावरच म्हणून टाळायचीही सोय नाही. पेणच्या कॉलेजात मी तीस वर्षं शिकवलं. माझं हे गुपित तिथे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्यानं ते कधी कुणाला कळू दिलं नाही. माझ्या निरोपाच्या समारंभात सूत्रसंचालिकेनं विचारलं, "मॅडम, गुरू म्हणून कुणाचं नाव घ्याल?" मी म्हटलं, "हसुराम म्हात्रे, आपले लॅबमधले शिपाई." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, बाई किती नम्र! मी नम्र वगैरे मुळीच नाही. जे होतं ते सांगितलं.

हसुभाऊ पेणजवळच्या जिते गावचे. वडील खाडीकडच्या मिठागरात कामाला होते. लहानपणापासून मिठागराच्या अरुंद बांधावरून चालल्यामुळे त्यांना एका पावलापुढे दुसरं पाऊल अगदी रेषेत टाकायची सवय लागली होती. आमच्या कॉलेजच्या आठ फूट रुंद व्हरांड्यातूनसुद्धा ते तसेच चालायचे, जणू दोन्ही बाजूंना पाणी आहे. अंगानं काटकुळे, खाकी शर्ट नेहमी एक माप मोठा. शर्टाच्या खिशात एक चिमटा, एक काडेपेटी आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. काडेपेटी उघडायला मागू नये, एवढं कॉलेजात प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. मुख्य लिपिकांनी एकदा विडी पेटवायला मागितली, तर आतून झुरळाच्या मिशा बाहेर आल्या. त्यानंतर ते विडी ओढायचे थांबले, असं हसुभाऊ सांगत. हे खरं नव्हतं, पण सांगताना त्यांना फार आनंद व्हायचा.

मी पुण्याहून नवीकोरी पदवी घेऊन आले. पुण्यात शिकत असताना माझी झुरळं माझी मैत्रीण कापायची आणि बदल्यात मी तिच्या आकृत्या काढायचे. त्या भांडवलावर मी पहिला वर्ग मिळवला होता. पेणला पहिल्याच प्रॅक्टिकलला हसुभाऊंनी माझ्यासमोर बरणी ठेवली. आत तीसेक झुरळं, मिशा हलवत. समोर चाळीस मुलं, मॅडम कसं धरतात ते बघायला उभी. माझा हात बरणीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

हसुभाऊंनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मुलांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "म्याडमना झुरळाच्या वासानं शिंका येतात. डाक्टरनं सांगितलंय. धरून मी दाखवतो, शिकवतील म्याडम."

मग माझ्याकडे न बघता हळूच, "शिंका की आता."

मी शिंकले. आयुष्यातली माझी पहिली खोटी शिंक. त्यानंतर ती शिंक मी वर्षानुवर्षं सांभाळली. कॉलेजात माझ्या ॲलर्जीची इतकी ख्याती झाली, की इतिहासाच्या सरांनी मला तुळशीचा काढा आणून दिला होता. हसुभाऊंनी मात्र त्या दिवशी वर्ग संपल्यावर बरणी उचलताना एकच विचारलं, "म्याडम, हात कवा लावनार?"

हा प्रश्न ते मला दर वर्षी जूनमध्ये एकदा विचारायचे. आवाजात टोमणा नसायचा. शेतकरी शेतकऱ्याला 'पेरणी कधी?' विचारतो, तितक्या सहज विचारायचे. मी म्हणायचे, "बघू." ते म्हणायचे, "बगा."

झुरळं पुरवणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाची त्यांची स्वतःची पद्धत होती. पत्र्याच्या डब्यात गुळाच्या पाण्यात भिजवलेला पाव ठेवायचा आणि डब्याच्या तोंडाला आतून चार बोटं डालडा फासायचा. झुरळ वासानं आत येतं, पण घसरडं असल्यामुळे वर चढत नाही. अडचण डब्याची नव्हती, डबा ठेवायला जागा मिळण्याची होती. पेणमध्ये एकही घर आपल्याकडे झुरळं आहेत हे कबूल करायला तयार नसे. म्हणून हसुभाऊ दारात उभे राहून विचारायचे, "तुमच्याकडं नसनारच वयनी, पण शेजारी किती असतील?" वहिनी लगेच शेजारचं घर दाखवायच्या आणि मोरीचा कोपरासुद्धा सांगायच्या. शेजारी गेलं की तिथली बाई हिचं घर दाखवायची. अशा रीतीनं हसुभाऊंना रामवाडीतल्या एकूण एक मोऱ्यांची माहिती होती, आणि तीही शेजाऱ्यांच्या तोंडची, म्हणजे अगदी खात्रीची.

डबा भरून आला की ते झुरळं निवडायला बसायचे. मादीच्या शेपटाशी अंड्यांचा लहानसा तपकिरी बटवा असतो. त्याला ते 'ओटी' म्हणायचे. ओटी भरलेली मादी कापायला द्यायची नाही, हा त्यांचा नियम. ती लॅबच्या मागच्या दारानं बाहेर जायची. एकदा विभागप्रमुख चिडले, "हसुराम, झुरळं कमी पडतायत आणि तुम्ही सोडून काय देता?" हसुभाऊ म्हणाले, "सर, भरल्या ओटीची बाय तुमच्या दारात आली तर तुमी काय करता?" सरांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

पण ही झाली नोकरीतली झुरळं. त्यांचं खरं प्रेम वेगळ्याच झुरळांवर होतं. त्यांची बहीण गागोद्याला दिलेली. तिच्याकडे गेले की ते मागच्या डोंगरात चक्कर मारायचे. तिथे पडून कुजलेल्या आंब्याच्या खोडात त्यांना अंगठ्याएवढी जाडजूड, काळीभोर, लाकूड खाणारी झुरळं सापडली. पायांना काटे, पाठ चकचकीत आणि चाल जड, सावकाश. "घरातलं झुरळ भाडोत्री, म्याडम," ते मला सांगत. "रानातलं हे मूळ मालक."

माझ्या पहिल्याच वर्षी आमची सहल त्यांनी तिकडे नेली. मुलांना गोल बसवून त्यांनी खोडाची एक ढलपी हलक्या हातानं उचलली. आत बोगदेच बोगदे. एका बोगद्यात नर, मादी आणि त्यांच्याभोवती लहान-मोठी दहाबारा पोरं. "ही बाकीच्यांसारखी अंडी टाकून निघून जात नाय," हसुभाऊ म्हणाले, "जिती पोरं घालते आनि संगं राहते. आनि हे बगा, पंख. लग्न झालं का एकमेकांचे पंख कुरतडून टाकतात. मंग घर सोडून जायचा प्रश्नच नाय."

एक मुलगी म्हणाली, "भाऊ, माणसांचं पण तसंच असतं."

"व्हय गो," हसुभाऊ म्हणाले, "पन यांच्यात दोघांचे कुरतडतात."

मी चार पावलं मागे उभी राहून वहीत टिपण घेत होते. वहीत नुसत्या रेघोट्या होत्या. निघताना हसुभाऊंनी ती ढलपी पुन्हा होती तशी बसवली, वर पाचोळा लोटला. दुसऱ्याच्या घराचं दार उघडलं तर लावून यावं, असं ते म्हणायचे. आजही एखादा दगड उलटून बघितला की मी तो परत पालथा घालते, ते त्यांचंच शिकवणं.

त्या खोडाचा एक तुकडा आणि त्यातली एक मादी मात्र ते पेणला घेऊन आले होते. कॉलेजातली तडा गेलेली माशांची काचपेटी निकालात काढली होती, तीत त्यांनी संसार मांडला. मादीचं नाव पाटलीण. पुढे तिची मुलं झाली, तीही जोडीनं राहू लागली, आणि एक पाटलीण मेली की तिच्या लेकींतली सगळ्यात थोराड ती पाटलीण व्हायची. सकाळी आल्याबरोबर ते आधी पेटीत पाणी शिंपडायचे आणि मग सहीला जायचे.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी अजून कच्ची होते, म्हणजे दोन वर्षं नीट गेली तरच नोकरीत कायम होणार होते. वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते आणि प्राचार्य दर अर्ध्या तासानं दारात येऊन बघत होते. टेबलावर बरण्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत एक झुरळ. बरणी उचलायची, नंबर बघायचा, मुलाच्या हातात द्यायची. आत बघायचं नाही, हा माझा नियम. शेवटच्या बरणीवर नंबर नव्हता. चिठ्ठी गळून पडली असेल असं मी समजले आणि ती रोह्याच्या फरीदाला दिली.

थोड्या वेळानं फरीदानं हात वर केला. तिच्या दुसऱ्या हातात क्लोरोफॉर्मचा बोळा होता.

"मॅडम, माझं झुरळ लय मोठं हाय. आनि त्याला पंखच नायत. मार्क कापनार नाय ना?"

 सकाळी पेटीत बुरशी दिसली म्हणून हसुभाऊंनी खोड उन्हात ठेवलं होतं, पाटलिणीला एका बरणीत घालून टेबलाच्या कडेला ठेवलं होतं आणि ते पेटी धुवायला पाणी आणायला गेले होते. ती बरणी मी परीक्षेला दिली होती. तेवढ्यात बादली घेऊन हसुभाऊ दारात आले. त्यांनी फरीदाच्या हातातली बरणी पाहिली. बादली सावकाश खाली ठेवली आणि त्या बांधावरच्या चालीनं सरळ रेषेत येऊन बरणीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"थांब गो बाय."

परीक्षक उठले. "कोण हो तुम्ही? परीक्षा चालू आहे इथे."

"सायब, ही परीक्षेतली नाय. ही आमची पाटलीण हाय."

"कोण?"

"पाटलीण. गागोद्याची."

परीक्षकांनी बरणीत डोकावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. पुस्तकात चित्र बघितलेलं होतं, जिवंत कधी नाही, असं ते म्हणाले. पण परीक्षकच ते, शिस्त सोडतील कसे! "ही बरणी विद्यार्थिनीला दिली कुणी?" त्यांनी विचारलं. प्राचार्य दारात उभे होते. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी हसुभाऊ बोलले.

"टेबलावर मी ठेवली सायब. चूक माजी."

ते अर्धंच खरं होतं. ठेवली त्यांनी होती, दिली मी. परीक्षक मान हलवून म्हणाले, "बरं. मॅडम, जरा हातात घेऊन उलटी करता का? पोटाकडची बाजू बघायची आहे."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. प्राचार्य बघत होते. इतकी सरळ साधी मागणी प्राणिशास्त्राच्या बाईकडे दुसरी असू शकत नाही.  हसुभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी शिंकले. एकदा, दोनदा, पाचदा. इतकी मनापासून शिंकले की प्राचार्यांनीच पाण्याचा पेला पुढे केला. हसुभाऊंनी पाटलीण आपल्या तळव्यावर घेतली आणि उलटी करून दाखवली. परीक्षक उरलेली परीक्षा होईपर्यंत त्या काचपेटीजवळ स्टूल टाकून बसले होते. फरीदाला दुसरं झुरळ मिळालं. आता ती रोह्यात डॉक्टर आहे, आणि भेटली की आधी पाटलिणीची चौकशी करते.

संध्याकाळी मी हसुभाऊंची माफी मागितली. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांची पाटलीण माझ्यामुळे मरता मरता वाचली होती.

"बरनी दिलीत ती चूक नाय," ते म्हणाले. "मानसाच्या हातून होतं. पन तुमी बरनीत बगत नाय, ती चूक. भ्या हवं तेवढं, पन बगा."

माझ्या प्राध्यापकांनी मला पुष्कळ शिकवलं, पण शिकवण्याच्या धंद्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य मला या माणसानं दिलं. त्या दिवसापासून मी बघायला लागले. घाबरत, पण नीट. पुढच्या तीन महिन्यांत मी झुरळाच्या मिशीपासून नखापर्यंत इतकं पाहिलं, की मुलं म्हणायची मॅडम हात न लावता सगळं सांगतात. हात मात्र लावला नाही तो नाहीच.

नोकरीत कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले. हसुभाऊंनी पेढा तोंडात टाकला, गुळाचा खडा असल्यासारखा सावकाश चघळला आणि म्हणाले, "कागदावर कन्फर्म झालात. हातानं कवा होनार?"

"बघू," मी म्हटलं.

"बगा," ते म्हणाले.

वर्षं गेली. एके दिवशी वरून आदेश आला, की यापुढे कॉलेजात जिवंत प्राण्यांची चिरफाड बंद. मला वाटलं, आता हसुभाऊंना मोकळं मोकळं वाटेल. ते खूश झालेच. पण बरणीत त्या वर्षासाठी धरलेली अठ्ठावीस झुरळं होती. मी म्हटलं, "मागच्या दारानं सोडून द्या." त्यांना ते पटेना. "दुसऱ्याकडून मागून आनलेली वस्तू आपन अशी कुठंही टाकून देतो का?" असं म्हणून ते बरणी घेऊन रामवाडीत गेले. जिथून आणली होती तिथे परत द्यायला! पहिल्याच घरी त्यांनी वहिनींना हाक मारून सांगितलं, की तुमच्याकडची चार होती, नेली तशी आणलीत. वहिनींनी खराटा घेऊन त्यांना कोपऱ्यापर्यंत पिटाळलं. "चार?" त्या ओरडत होत्या, "आमच्याकडं एक पन नाय! त्या समोरच्यांकडं द्या!" हसुभाऊ परत आले ते हसून हसून बेजार. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शेवटी मागच्या दारानंच गेली. "येवढी वर्षं खाल्लं त्यांच्या घरचं," ते डोळे पुसत म्हणाले, "पन कोन ओळख दाखवत नाय बगा."

ते निवृत्त झाले तेव्हा काचपेटी मांडीवर घेऊन पॅसेंजरनं जित्याला गेले. शेजारची बाई उठून दुसऱ्या डब्यात बसली म्हणे. गेले आणि लॅब एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. काडेपेट्यांत काड्या असायच्या. जून आला आणि मला कुणी काही विचारलं नाही. मला ते फार लागलं.

दोनेक वर्षांनी कळलं, की काचबिंदूनं हसुभाऊंची नजर गेली. मी जित्याला गेले. त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी, लांबूनच ओळखलं. "ये गो बाय, ये. म्याडम आल्या वं!" हसुभाऊ पडवीत बसले होते. खाकी शर्ट तोच, आणखीनच मोठा वाटत होता. शेजारी काचपेटी, आत कुजकं खोड. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, असं त्यांनी मजेत सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. कॉलेजातल्या एकेकाची नावं घेऊन त्यांनी चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"म्याडम, एक काम व्हतं."

"सांगा ना."

"पाटलीण दोन दिस जागची हलली नाय. पोरं झाली असतील. नवी पोरं पांढरी असतात, आईच्या पोटाखाली बसतात. मी उचलली असती, पन दिसत नाय ना. माज्या अंगठ्याखाली एकादं चेंगरायचं. तुमी उचलून बगा, कितीक हायत."

मी पेटीत बघितलं. खोडाच्या खोबणीत पाटलीण बसली होती, अंगठ्याएवढी, काळीभोर, मिशा मंद हलवत. पडवीत दुसरं कुणी नव्हतं. मला शिंकता आलं असतं. पण शिंकून दाखवायचं कुणाला? ज्यानं शिंक शिकवली त्याला?

"बगताय ना?" हसुभाऊंनी विचारलं.

"बघतेय."

मी हात आत घातला. मी भीत होते, तिसाव्या वर्षीही पहिल्या दिवसाइतकीच. दोन बोटांत धरून मी तिला उचललं. काटेरी पाय माझ्या बोटांना घट्ट बिलगले, पाठ गार होती आणि अंगाला ओल्या लाकडाचा वास होता. बस, एवढंच होतं ते. मी तिला डाव्या तळव्यावर ठेवलं आणि ती तिथे शांत बसून राहिली. खोबणीत तांदळाच्या दाण्यांसारखी पांढरी पिल्लं वळवळत होती.

"सात," मी म्हटलं.

"नीट मोजा."

"सातच आहेत, हसुभाऊ."

"हात?"

"माझ्या हातावर बसलीय."

तेवढ्यात हिराबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "अगो बाय, सात हायत ते मी सकालीच मोजून सांगितलं यांना. परत कशाला मोजायला लावलं तुमाला?"

"गप गो," हसुभाऊ म्हणाले. पण त्यांचं तोंड हसण्यानं भरून गेलं होतं आणि ते लपवायचं कसं, हे त्यांना आता दिसत नव्हतं.

मी पाटलिणीला पोरांवर अलगद ठेवलं, ढलपी लावली. हसुभाऊंनी खिसा चाचपला, कागदाची पुडी काढली आणि गुळाचा खडा माझ्या दिशेनं धरला. "घ्या म्याडम. पेढे नायत घरात. आज खऱ्या कन्फर्म झालात."

हिराबाई हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढे करत होत्या. मी मानेनंच नको म्हटलं, त्याच तळव्यावर गूळ घेतला आणि खाल्ला.